मागच्या दाराच्या फळ्या

३ जून
पुतणीने संगणकावर खेळ बसवून दिला. "काका, नुसते भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा घरं बांधा." शेकडो वर्षांपूर्वीचं गाव. लाकडी घरं, गवताची छपरं, लोहाराची भट्टी — सगळं आपणच उभारायचं. आमचा सुतारकामाचा कारखाना जळाल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून रंधा हातात घेतलेला नाही. आज माउस रंध्यासारखा दोन्ही हातांनी धरला. माझं मलाच हसू आलं.

५ जून
या खेळात खुंटी न ठोकताच तुळई उभी राहते! वडिलांनी असलं काम पाहिलं असतं तर माझा कान उपटून हातात दिला असता. तरी तीन घरं झाली. माणसं राहायलाही आली. वहिनी दारातून बघत होती. "भावोजी, खिडक्या जरा मोठ्या ठेवा." चहा ठेवून गेली.

९ जून
सुतारशाळा बांधली. दोन दारं ठेवली.

११ जून
खेळातला सुतार अगदी आमच्यातलाच. फळ्या कापतो आणि मागच्या दाराला टेकवून ठेवतो. मी त्या कोठारात हलवतो. तो पुन्हा तिथेच लावतो. पुतणी वैतागली. "त्याला काम करू द्या की, काका. दिवसभर फळ्याच काय उचलताय?"

काय सांगू तिला? इथेही कधी लिहिलं नाही, आज लिहितो. त्या दिवशी कारखान्याच्या मागच्या दाराला बाहेरून फळ्या मीच टेकवल्या होत्या, आणि ते दार बाहेरच उघडायचं. ओल्या होत्या, तासभर ऊन दाखवायचं म्हणून. सगळेच सुतार टेकवतात. मग मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो. दादा आत एकटाच. आग पुढच्या दाराशी लागली.

सगळ्यात आधी वहिनी पोचली. मागचं दार तिने उघडलं, पण दादा गेला होता. पोलिसांना तिनेच सांगितलं — कडी अडकली होती. फळ्या तोवर जळून गेल्या असतील, असं मी धरून चाललो. मान हलवली आणि गप्प बसलो.

१४ जून
दोन दिवस फळ्यांना हात लावला नव्हता, पुतणी चिडते म्हणून. आज भट्टीची ठिणगी उडाली, सुतारशाळेचं छप्पर पेटलं. सुतार मागच्या दाराकडे धावला. त्याच्या डोक्यावर लाल खूण आली — वाट बंद.

"त्यात काय, काका? कालचं गाव परत उघडू." पुतणीने दोन बटणं दाबली. सुतार पुन्हा फळ्या कापत उभा. ती हसली, थेट दादासारखी. मला तिथे बसवेना.

वहिनीला सांगायलाच हवं. तिने घराबाहेर काढलं तर जाईन. पुतणी पुन्हा काका म्हणणार नाही, याची मात्र फार भीती वाटते.

१५ जून
जमलं नाही. वहिनी दोनदा समोर आली. दोन्ही वेळा खिडक्यांवरच बोललो.

१७ जून
सांगितलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. "कडी अडकली नव्हती, भावोजी. फळ्या मीच ओढून काढल्या. तुम्ही कधी सांगता, याची सहा वर्षं वाट बघतेय."