आईच्या पातळांची गोधडी

अक्का,

तुला हे वाचता येणार नाही. जिवंत असतीस तरी आलं नसतं, अक्षरांशी तुझं कधी जमलंच नाही. कुणी वाचून दाखवलं असतं तर अर्ध्यातच 'बस कर वं माय' म्हणत उठून गेली असतीस. आता उठून जायची सोय नाही. आज मी बोलणार आणि तू ऐकणार; आयुष्यभर हे उलटं चाललं होतं. परवा माझी मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, आमच्याकडे गोधडीचं शिबिर आहे, फलकावर 'आजीच्या मायेची ऊब' असं लिहिलंय, तुला तुझ्या आजीनेच शिकवली होती ना, मग मलाही शिकव की. मी कणीक मळत होते. मला काही येत नाही, असं सांगून मोकळी झाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मायेची ऊब म्हणे! यांनी तुझ्यासमोर एक दुपार मांडी घालून बसून दाखवावं, मग लिहावं फलकावर काय लिहायचं ते.

आई काविळीने गेली तेव्हा मी सहावीत होते. पारोळ्याला बाजाराच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. वडील एसटीत कंडक्टर. त्यांना मी भाऊच म्हणायचे. ते आज धुळ्याला, उद्या जळगावला, घरात असले तरी भिंतीकडे तोंड करून पडलेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी तू आईची ट्रंक अंगणात ओढलीस. मला वाटलं ऊन दाखवतेस. तू तिचं मोरपंखी पातळ काढलंस, काठाला दाताने चीर दिलीस आणि टर्रकन फाडलंस. मग विटकरी. मग ते बारीक पिवळ्या फुलांचं, जे नेसून ती माझ्या शाळेत बक्षीस समारंभाला आली होती. तो फाडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. कापडाच्या दुकानात कुणी मीटर मोजून टर्रकन फाडलं की मी आजही तोंड फिरवते. नायलॉनचं पातळ गोधडीला चालत नाही, म्हणून ते तू बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलंस आणि त्याच पातेल्यात मला चहा करून दिलास. मी तो ओतून दिला. तू दुसरा कप दिला नाहीस.

मी रडत होते तर म्हणालीस, "रडनं व्हई तं रड, पन हात चालू ठेव." आणि माझ्या हातात सुई दिलीस. अशी शिकले मी शिवण. थंडीचे दिवस, अंगणात ऊन, खाली पसरलेलं तुझं जुनं लुगडं, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना दगड. त्यावर तू आईच्या चिंध्या एकीला एक भिडवून मांडतेस, वर विटकरी पातळाचा तुकडा पसरतेस, आणि मी कडेकडेने धावदोरा घालत आत सरकते. तू माझ्या मागे मागे येतेस. बोट फिरवतेस. टाका लांब पडला की डोक्यात टपली आणि एकच शब्दजोडी: "उसव बठ्ठं!" तेवढाच टाका नाही, अख्खी ओळ. भोकं पडलेल्या बोटांनी मी स्वतःचीच ओळ ओढून काढायची, आणि तोच दोरा पुन्हा ओवायचा. शेजारची बाई म्हणाली, अहो, लेकरू आहे, आई गेलीय तिची, जरा दमानं घ्या. तर म्हणालीस, "आई गयी, हात तं नही गयात." मला तेव्हा तू माणूसच वाटली नाहीस. एकदा मात्र तू हसलीस. मी नादात गोधडीबरोबर स्वतःचा परकरही शिवून टाकला आणि उठायला गेले तर अख्खी गोधडी दगडांसकट माझ्यामागे निघाली. तू पदर तोंडावर धरून हसलीस, आणि मीही हसले, आणि मग मला इतका राग आला तुझा, की आई जाऊन चार महिने झाले नाहीत आणि हिने मला हसवलं. परकर उसवायलाही मलाच लावलंस, ते वेगळं.

बाहुलीचं तर मी विसरणारच नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरींना तू चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायचीस. कापसाचं डोकं, काळ्या दोऱ्याची वेणी, नाकात मणी. मी म्हटलं, मला मोरपंखीची एक दे. नाही म्हणालीस, कारण दिलं नाहीस. मग मीच एक चिंधी लपवली आणि कोठीमागे बसून बाहुली केली. वाकडी झाली होती, एक हात आखूड. पण मी तिला काजळाने डोळे काढले, आणि खरं सांगते, ती आईसारखी दिसली. तुला ती माझ्या दप्तरात सापडली. तुझा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. "तिले डोया काढ्यात तू? मरेल मानूसना लुगडानी बाहुली करतस नही. दिनभर देखत राही ती आपलाकडे!" मी म्हटलं, बघू दे ना! बघू दे तिला! मी तिच्यासाठीच केलीय! तू ऐकलं नाहीस. पायरीवर बसून तिचा एकेक टाका उसवलास, कापूस काढून घेतलास, आणि ती चिंधी, काजळाच्या डोळ्यांसकट, गोधडीच्या मधल्या थरात घालून वरून शिवून टाकलीस. मी तुझ्या दंडाला चावले. तू हात झटकलास आणि शिवत राहिलीस. इतकी दगड कशी गं होतीस तू?

आणि एवढं करून वर फसवलंस. गोधडी पुरी व्हायच्या आधी एक कोपरा उघडा ठेवायचा आणि त्यात भाकरीचा वाळका तुकडा सारायचा, ही तुझी रीत. गोधडीला घास भरवणं. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप येत नाही म्हणे. आणि ज्याची गोधडी, त्यानेच घास भरवायचा, हा तुझा कायदा. भाऊंच्या गोधडीला भाऊंना ड्यूटीवरून आल्या आल्या खाकी कपड्यातच बसवलं होतंस. त्या दिवशी तू तुकडा माझ्या हातात दिलास. "घाल पोरी, तुनीच शे ही." मी घातला. कोपराही मीच शिवला. इतका बारीक टाका मी पुन्हा कधी घातला नाही. तू बोट फिरवलंस आणि पहिल्यांदाच उसव म्हणाली नाहीस.

होळी झाली आणि भाऊंनी शिंदखेड्याची बाई केली. तिने माप ओलांडलं, आणि तू सगळ्या गल्लीसमोर ती गोधडी तिच्या हातावर ठेवलीस. माझी गोधडी! बायका कौतुकाने टाके बघत होत्या आणि तू सांगत होतीस, नातीनं शिवली, नातीनं. मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, ती माझी होती, तूच म्हणाली होतीस. तू कढईतून मान वर केली नाहीस. "तिले काय थंडी वाजस नही?" बस. एवढंच तुझं उत्तर. त्या दिवसापासून मी तुझ्याशी कामापुरतं बोलले, आणि त्या बाईशी तेवढंही नाही. ती वेणी घालायला बोलवायची, मी विस्कटलेल्या केसांनी शाळेत जायचे. माझ्या आईची पातळं पांघरून ती भाऊंशेजारी झोपते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी जळगावला डी.एड.ला होते. आले, पाया पडले, डोळ्यातून टिपूस काढलं नाही. बायकांनी नावं ठेवली. ठेवू दे.

मग कितीतरी वर्षांनी शिंदखेड्याच्या त्या बाईनेच मला सांगितलं की तिने ती गोधडी एकदाही अंगावर घेतली नव्हती. तू तिला पहिल्याच दिवशी कोपऱ्यात घेऊन बजावलं होतंस, "ही तुनी नही. पोरनी शे. तिले गरज पडी तधय तुना हातखाल पांघरजो." म्हणजे माझं पांघरूण मला मिळणार, पण तिच्या हातून. वा, अक्का! मला विचारलंस? मी काय पत्त्यातली राणी होते, हातात धरून वेळ आली की टाकायला? सरळ सांगायला तोंड नव्हतं तुला? सांगितलं असतंस तर मी दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस जेवले नसते, पण ते सगळं माझं असतं. तू माझा रागसुद्धा बेतून कापलास. याला कुणी माया म्हणत असेल तर खुशाल म्हणो, मी म्हणणार नाही.

हे पत्र घडी घालून मी कुठे ठेवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. उद्या सकाळी बंबात जाईल. पण जाळायच्या आधी एक सांगते, कारण ते आजवर कुणालाच सांगितलं नाही. ती बाई घरात आली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला हिवताप भरला. भर दुपारी दात वाजत होते. ती बाई ट्रंक उघडून गोधडी घेऊन आली, माझ्या अंगावर घातली आणि चारी बाजूंनी खोचून शेजारी बसली. तू दारात तांदूळ निवडत होतीस. मी ठरवलं होतं की लाथेने उडवायची. आधी नाक खुपसून आईचा वास शोधला. नव्हता. साबणाचा होता, डांबरगोळ्यांचा होता, आणि त्या बाईच्या हाताला कांद्याचा. आता उडवते, आता उडवते, असं म्हणत होते आणि तेवढ्यात ती कपाळावरून हात फिरवायला लागली. तू फसवलंस ते मी एक वेळ गिळलं असतं, अक्का. पण त्या दुपारी मी तिला आई म्हटलं. तापात नाही, चांगली शुद्धीत होते. आणि मला लगेच झोप लागली.