यादीतलं शेवटचं नाव

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस! दादाच्याच कचेरीत, जिथे नकाशे छापतात. राहायलाही दादा-वहिनींकडेच: मागची खोली, खिडकीशी टेबल, माझा निळा मग. दादाने लिनक्सवर चालणारा सर्व्हर दाखवला आणि लगेच उपदेश केला, पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, टाकताना किंवा काढताना समोर येणारी यादी शेवटच्या नावापर्यंत वाचायची, मगच एंटर. मी म्हटलं, तू तर चपलेच्या खोक्यावरचा मजकूरही वाचतोस. तो हसला नाही. माझी चेष्टा त्याला कधीच पचत नाही.

बुधवार, ६ मार्च
मोठ्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, जुन्या बत्तीस बिटांच्या घडणीचा, आमचा सर्व्हर नव्या चौसष्टच्या. बसवता येतो, पण त्याला लागणारं प्रत्येक पॅकेज बत्तीस बिटांचंही आणावं लागतं. बोलवायचा एक पाहुणा, येतं अख्खं वऱ्हाड! यादी मारुतीच्या शेपटासारखी. कंटाळून न वाचताच एंटर मारला. नकाशे झकास निघाले.

शुक्रवार, ८ मार्च
सर्व्हरवर आता सगळं दोनदा. नाव तेच, एक चौसष्टचं, एक बत्तीसचं. परवाची यादी उघडून पाहिली. शेवटचं नाव माझं होतं. कुणाचा तरी चावटपणा असणार. घरी आलो तर ओट्यावर दोन निळे मग. वहिनी म्हणाली, मघाशी तूच तर चहा घेऊन गेलास, एवढ्यात विसरलास?

सोमवार, ११ मार्च
माझ्या खुर्चीत तो बसलाय. माझाच शर्ट, माझाच चेहरा, फक्त कॉलेजात होतो तेव्हाचा, मिशी न फुटलेला. मी ओरडलो. दादा म्हणाला, आवाज कमी कर, लोक बघताहेत. त्याला धक्का बसलाच नाही. तो दुसरा दादाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होता.

मंगळवार, १२ मार्च
वहिनीने ताटं तीनच मांडली. तिसऱ्यावर तो. वहिनी हळूच म्हणाली, हा उलट बोलत नाही रे. दादाने शांतपणे समजावलं, दोन-दोन ठेवून चालत नाही, ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही ते काढायचं. कुठलं, मी विचारलं. दादा चष्मा पुसत बसला. मी त्याच्या पाठचा भाऊ. त्याच्या वाटणीचा मारही मी खाल्लाय. केसाने गळा कापला माझा—

बुधवार, १३ मार्च
दुपार. दादाने सर्व्हरची सफाई लावली. काढायच्या नावांची यादी पडद्यावर. मी मागे उभा राहून लिहितोय. मुद्दाम, म्हणजे काहीतरी उरेल—

शेवटचं नाव माझं. पुढे चौसष्ट.

हाक मारली. ऐकली त्याने. खांदे हलले—

न वाचता एंटर मारला असता तर माफ केलं असतं. पण तो वाचतोय. बोट ठेवून, एकेक नाव—

माझ्या नावापाशी थांबला. वाचलं. मागे वळून माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि बोट एंटरवर— दा