गृहपाठाचा व्हिडिओ

बाबा, दहावीच्या सुट्टीत मी तुमच्या पुलगावच्या टायपिंगच्या वर्गात येऊन बसायचे. वरचे पत्रे तापलेले, सगळ्या यंत्रांचा एकदम खडखडाट, आणि तुम्ही पोरापोरींच्या बोटांकडे बघत फिरताय. एकदा बाहेरच्या फळ्यावर मी माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात ‘नोकरीची खात्री’ असं लिहिलं. तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून टाकलंत. “हे काऊन लिहिलं? मी बोटं शिकवून राह्यलो. नोकरी का माह्या खिशात हाय?” सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस रुसले होते.

यंदा मीही शिकायला एक वर्ग लावला, इंटरनेटवर माल कसा विकायचा त्याचा. निवृत्तीनंतर बाळांची दुपटी शिवते, ती विकावीत असं वाटलं. रोज दुपारी बाराला एक सर फोनवर शिकवायचे. फोटो खिडकीच्या उजेडात काढा, चार शब्दांत वस्तू सांगा, विचारणाऱ्याला लगेच उत्तर द्या. यात खोटं काही नव्हतं. पण तिसऱ्याच दिवशी गृहपाठ आला: आपण यशस्वी झालोच आहोत असं धरून आपली गोष्ट बोला आणि ओळखीच्यांना दाखवा. गृहपाठ चुकवायचा नाही ही सिस्टरांनी लावलेली सवय. मी केस विंचरले, चांगली साडी नेसले आणि म्हणाले, “घरबसल्या माझी दुपटी पुण्यापर्यंत जातात.” तोवर एकही गेलं नव्हतं. दुपट्यांसाठी उघडलेल्या पानावर मी तो व्हिडिओ टाकला. आमच्या बचत गटातल्या सगळ्या बायकांनी तो पाहिला.

त्यातली एक नाचणगावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मुगवड्या फार सुंदर घालते. तिनं त्याच वर्गात नाव टाकलं. खिचडीची वेळ आणि वर्गाची वेळ एकच, म्हणून शाळेचं काम सोडलं. मला हे माहीत होतं, बाबा. मी गप्प राहिले.

गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा मी पोळ्या करत होते. “ताई, तुम्ही केलं तसंच सगळं केलं मी. नणदेनं तेवढ्या मागवल्या, बस. तुमचं जमलं, मंग माहं काऊन नाई जमून राह्यलं? मले इंग्रजी येत नाई, त्याच्यानं असंन काय?”

ती स्वतःला दोष देत होती. ते ऐकवेना. मी गॅस बंद केला आणि खरं काय ते सांगितलं.

“म्हणजे तुमचं बी काईच नाई गेलं?”

“नाही.”

ती हसली. “लय हुशार हो ताई तुम्ही! खोटं बी किती शुद्ध बोलता.” मग पदराशी चाळा करत म्हणाली, “शाळेत दुसरी ठेवली त्यायनं.”

वर्गानं तिला काहीच दिलं नाही असंही नाही. फोटो ती आता माझ्यापेक्षा चांगले काढते, परक्या माणसाशी न घाबरता बोलते. पण धंदा चालेलच हे वचन तिला मिळालं ते माझ्या तोंडून.

दारातून वळून ती म्हणाली, “तो व्हिडिओ काढून टाकजा तेवढा. माही जाऊ बी नाव टाकतो म्हणते.”

“काढलाय,” मी म्हणाले.

तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. व्हिडिओ अजून तिथंच आहे. खाली बायकांनी माझं फार कौतुक केलंय, आणि मी ते रोज एकदा वाचते.