अठ्ठेचाळीस हजार सातशे

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. स. ११ वा. १० मि.

ही वेळ गुन्ह्याची. लिहायला बसलेय संध्याकाळी, पण वेळ आधी नोंदवून ठेवते. ती खुद्द भावजयीनेच, सुमननेच, सांगितली.

"हॉलमधलं घड्याळ बंद पडलं होतं आक्का. फोनमध्ये बघून लावलं, अकरा दहाला."

म्हटलं, सेल कुठून आणलास?

"त्या गेममधला एक घेतला की. घरात दुसरा नव्हता."

त्या गेममधला. एक.

खणातून मशीन काढलं, हातात धरून खेळायचं, वरून पडणाऱ्या विटांच्या ओळी भरायच्या ते. मागच्या झाकणावर चिकटपट्टी परत नीट लावलेली, सुमनचं काम नेहमीच नीट. आत एक पेन्सिल सेल जागेवर, दुसरी जागा रिकामी. तशीच खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणले, घातले, बटन दाबलं. तेच किरटं संगीत. वरच्या कोपऱ्यात जिथे सगळ्यात मोठा स्कोर, ४८,७००, असायचा तिथे शून्य.

तीनदा बंद करून चालू केलं. शून्य.

सुमन मेथी निवडत होती. म्हणाली, "नंबर पाठ आहे ना तुम्हाला?"

पाठ असणं आणि असणं यात फरक आहे, हे मेथी निवडणाऱ्या बाईला कोण सांगणार.

जेवले नाही. तीही नाही.

बुधवार, ५ नोव्हें.

कार्तिक पौर्णिमा. सु. पहाटेच तीनशे पासष्ट वाती घेऊन देवळात. वर्षभराचे दिवे एका दिवशी लावून मोकळं व्हायचं. सोय चांगली आहे.

ती नसताना कागद लिहिला. छत्तीस वर्षं सरकारी खात्यात लोकांकडून लेखी खुलासे मागवले, हात विसरलेला नाही. "दि. ४ रोजी स. ११.१० वा. आपण सदर यंत्रातील सेल काढला. सेल काढल्यास आकडा पुसला जातो याची आपणांस पूर्ण कल्पना होती, कारण तारा आपणच धरत होता. कृती हेतुपुरस्सर होती काय, याचा लेखी खुलासा करावा." साखरेच्या डब्याखाली ठेवला.

तारांचं लिहून ठेवते. नंदूची, माझ्या धाकट्या भावाची, युक्ती. सेल बदलायचे तर बाहेर दुसरे दोन सेल, त्यांना दोन तारा, तारांची टोकं मशीनच्या पत्र्यांना टेकवून धरायची आणि तेवढ्यात आतले बदलायचे. मशीनला कळतच नाही. एकट्याने जमत नाही, चार हात लागतात. नं. तारा धरायचा, मी बदलायची. तो गेल्यावर वर्षातून दोनदा तारा सु.ने धरल्या. श्वास रोखून धरायची. एकदा हात थरथरला तर रडवेली झाली होती.

म्हणून म्हणते, माहीत नव्हतं असं नाही.

दुपारी तिने डबा उचलला. चहात साखर पडली. कागद तिथेच. वर डबा पुन्हा ठेवलेला, बरोबर मधोमध.

गुरुवार, ६ नोव्हें.

उत्तर नाही. बोलणं फक्त "गॅस संपत आलाय" एवढं.

मृणालचा बंगलोरहून फोन. भाचीला आईने सांगितलेलं दिसतं. "आत्या, चिल ना. सेम ब्रिक गेम ऑनलाइन मिळतो, रेट्रो म्हणून. मी ऑर्डर करते, दोन करते, एक आईला."

म्हटलं, बाबा पण दोन मागव.

फोन ठेवला तिने. बरोबर केलं. माझी जीभ. शाळेत सिस्टर म्हणायच्या, या मुलीच्या तोंडाला धार आहे, हिने ब्रेड कापावा.

शुक्रवार, ७ नोव्हें.

झोप नीट नाही. पहाटे उठून जुनं आठवत बसले.

आबिद्सचं व्हिडिओ गेमचं पार्लर. मी चोवीस, नोकरीला लागून वर्ष झालेलं. नं. बावीस. तळघरात सहा मशिनं, सिगरेटचा धूर, सगळी पोरं, आणि त्यात एक साडीतली बाई: मी. वरून किड्यांची फौज उतरायची, खालून आपण गोळ्या मारायच्या. नं. चटकन मरायचा, माझं नाणं अर्धा तास चालायचं. मागे गर्दी जमायची. "अरे देखो, मॅडम खेल रहे!" नं. बॉडीगार्डसारखा उभा. "हौ, मेरी बहन है. पीछे हटो."

काचीगुड्याच्या काकांनी पाहिलं एकदा. घरी सांगितलं, मुलगी लोफरांत उभी असते. त्या महिन्यात एक स्थळ ठरत आलं होतं, ते गेलं. आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नं. म्हणाला, "आक्का, सॉरी. पण स्कोर काय होता गं?"

ते स्थळ गेल्याचं दुःख मला कधी झालं नाही. पार्लर सुटलं त्याचं झालं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

मग टीव्हीचा गेम, नं.च्या लग्नानंतर. रणगाडे. खाली विटांच्या भिंतीत एक गरुड, त्याला सांभाळायचं. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने घर राखायचं. नं. नेहमी पुढे. चुकून एकमेकांना गोळी लागली की थिजून उभं राहायला व्हायचं, मग आरडाओरडा. सु. नवी नवरी, स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिसरं बटन नव्हतं.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तिसरं बटन नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हें.

मृणालचा फोन, आईला. स्पीकरवर होता, मी ऐकत नव्हते, ऐकू आलं. पुढच्या शनिवारी, पंधराला, ती येतेय. सु.ला बंगलोरला न्यायला. "कायमचं नाही आई, आधी बघ तर." कायमचंच असतं.

सु. म्हणाली, "बघते. आक्कांशी बोलून सांगते."

बोलली नाही.

नल्लकुंट्याचं हे घर तीन खोल्यांचं. नं. गेल्यावर मोठं वाटलं होतं. आता एका माणसाला किती वाटेल ते बघायचं. मी सत्तरीच्या दारात, गुडघे असे. चहा एका कपाचा करायला शिकेन.

रविवार, ९ नोव्हें.

लिहिते जसं झालं तसं.

दुपारचं जेवण. वाढताना सु. एकदम म्हणाली, "तुमचा कागद वाचला. मला मराठी लिहिता नाही येत नीट, माहीत आहे तुम्हाला. तोंडी सांगू का?"

(तिची शाळा बोधनला, तेलुगूतून.)

म्हटलं, सांग.

"दवाखान्यात डायलिसिसचे चार चार तास. आठवड्यातून तीनदा. मी पायाशी खुर्ची घेऊन बसायची. त्यांचा एक हात सुईत, दुसऱ्या हातात ती डबी. डावीकडची बटनं त्यांची, फिरवायचं बटन तुमचं. दोन माणसं, दोन हात, एक डबी. मी कुठं बसायचं?"

मी भात कालवला.

"शेवटच्या आठवड्यात. तो नंबर झाला ना, त्या दिवशी. मी दोडक्याच्या सालीची चटणी नेली होती, डॉक्टरला विचारून. म्हटलं, अहो, चटणी आणलीय. तर म्हणाले, थांब गं, लांब काडी येतेय. तुम्ही म्हणालात, डावीकडे घे, नंदू, डावीकडे घे. मग नंबर झाला, तुम्ही दोघं हसलात, नर्स पण हसली. मग ते झोपले. चटणी मी घरी आणली, खाल्ली. त्याच्यानंतर चांगलं बोलणं झालंच नाही आक्का, मग ते आयसीयूच. तुम्ही त्या नंबराला नंदू म्हणता. मला त्याच्यात ती चटणी दिसते."

मग म्हणाली, "घड्याळ बंद होतं हे खरं. सेल नव्हता हेही खरं. मुद्दाम केलं का, ते मलाच माहीत नाही. आमटी वाढू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. की त्याला त्या चार तासांत दुखणं कळत नसे. की तोच म्हणायचा, आक्का, गेम काढ. की मी काय हौसेने. पण. शाळेतल्या त्याच सिस्टर म्हणायच्या, माफीत "पण" आला की ती माफी राहत नाही.

माफी मागितलीच नव्हती, तर "पण" कुठून आला.

आमटी घेतली.

सोमवार, १० नोव्हें.

कार्तिकी सोमवार. सु. उपाशी.

दिवसभर आठवायचा प्रयत्न केला, त्या दिवशी सु. कुठे होती. मला खोली आठवते, खिडकी आठवते, सलाइनच्या स्टँडला अडकवलेली माझी पर्स आठवते. शेवटची लांब काडी सरळ खाली गेली, चार ओळी एकदम उडाल्या, नं. म्हणाला, "बस. आता मरू दे." आणि आम्ही दोघांनी बटनं सोडली, विटा वरपर्यंत चढू दिल्या. त्याच्या नखांचा रंग आठवतो.

सु. नाही आठवत. डबा आठवत नाही. खुर्ची होती का?

असणारच. ती म्हणतेय तर होती.

मंगळवार, ११ नोव्हें.

एक कबुली, फक्त इथे.

नं. गेल्यापासून मी रोज दुपारी खेळत आले. मला येतो, त्याच्यापेक्षा जास्त येतो. सत्तेचाळीस हजाराच्या पुढे चारदा गेले. एकदा ४८,६४०. आणखी एक ओळ आणि त्याचा आकडा पुसून तिथे माझा. प्रत्येक वेळी मशीन मांडीवर ठेवलं आणि विटा चढू दिल्या. तोंडाशी येऊन थांबायचं. मला वाटायचं, यालाच राखणं म्हणतात. तो पुढे गेलाय, मी घर राखतेय.

दारातून सु. हे रोज बघत होती. तिला काय दिसत असेल? एक बाई रोज दुपारी मेलेल्या भावाबरोबर खेळते, आणि चहा गार होतो.

साखरेच्या डब्याखालचा कागद काढून फाडला. तिने बघितलं. माझ्या चहात साखर दोनदा पडली.

बुधवार, १२ नोव्हें.

सु.ची बॅग दिवाणावर उघडी. दोन साड्या, औषधांचा डबा, नं.चा स्वेटर. स्वेटर मृणालसाठी की स्वतःसाठी, विचारलं नाही.

ती नारायणगुड्याला गेली, मृणालला आवडतात म्हणून तांदळाच्या पिठाचे सकिनालू आणायला. मी ठरवलं, मशीन कापडात गुंडाळून वर माळ्यावर टाकायचं. चार तारखेपासून हात लावला नव्हता. त्या दिवशी शून्य बघून खणात ढकललं ते ढकललंच.

गुंडाळायच्या आधी एकदा बटन दाबलं. सवय.

वरच्या कोपऱ्यात ३४०.

चष्मा पुसून पाहिलं. ३४०. म्हणजे तीन-चार ओळी. म्हणजे विटा कशाही कुठेही टाकलेल्या, फिरवायचं बटन कुठलं हेही न कळता. चार वर्षांचं मूल याहून बरं खेळेल.

घरात माणसं दोन. मी खेळलेली नाही.

मग बसले, खेळायला लागले. हात आपोआप चालतात. १००. २००. ३०० झाले, आणि लांब काडी आली, आणि जागा तयार होती, डावीकडे.

मशीन मांडीवर ठेवलं.

सु. पिशवी घेऊन आत आली तेव्हा ते किरटं संगीत वाजत होतं, हरल्याचं. म्हणाली, "सकिनालू ताजे आहेत, घ्या एक." मी घेतला. ती माझ्याकडे बघत नव्हती, मशीनकडेही नाही. कान लाल होते. उन्हातून आली होती, असेल.

गुरुवार, १३ नोव्हें. स. ९ वा.

नवा कागद. इथे आधी उतरवून ठेवते, मग साखरेच्या डब्याखाली. मृणाल परवा सकाळी येतेय.

सुमन,

दि. ५ चा कागद मागे घेतला आहे. त्यात विचारलेल्याचं उत्तर नको.

दवाखान्यात मी तुला जागा दिली नाही. मी चुकले.

(इथे पुढे तीन ओळी लिहिल्या होत्या. "पण"ने सुरू होत होत्या. खोडल्या.)

आता फक्त दोन प्रश्न.

एक, मशीनमध्ये सध्या ३४० आहेत. ते कोणाचे? माहीत आहे तरी विचारते, नोंद हवी. ज्याचे असतील त्याला लांब काडी उभी कशी करायची ते शिकवण्याची गरज आहे. फिरवायचं बटन उजवीकडचं. ते तू घे. डावीकडची मी घेते.

दोन, त्या मशीनचे सेल साधारण एप्रिलमध्ये उतरतील. तारा धरायला कोणी असणार आहे की नाही? बंगलोरहून तारा धरता येत नाहीत.

उत्तर लेखी पाहिजे. तोंडी चालणार नाही. तोंडी झालं की आपण दोघी आमटीवर येतो. तेलुगूत लिहिलंस तरी चालेल, मी अक्षर लावून वाचेन. एक शब्द असला तरी चालेल.

मुदत उद्या, शुक्रवार दि. १४, सायं. ५ वाजेपर्यंत, हॉलमधल्या घड्याळाप्रमाणे. त्यातला सेल बदलू नये. ते तीन मिनिटं पुढे आहे, मला माहीत आहे. ती तीन मिनिटं तुला धरून देते; ५ वाजून ३ मिनिटांनी मी डबा उचलेन.