झाकणातली सुतळी

आबा, तुमचं झाडं कापायचं मशीन काल मी उघडलं. परवाच्या वादळात बांधावरची बाभूळ गाडीवाटेवर आडवी झाली आणि केळीचा माल न्यायला येणारा ट्रॅक्टर अडून राहिला, म्हणून पत्र्याच्या खोलीतून तो चेनसॉ बाहेर काढावा लागला. तुमच्यानंतर गड्यांनी तो तुमच्याच पद्धतीने चालवला, पण खोलायची हिंमत कोणी केली नाही. सुरू केला तर अंगणभर एवढा निळा धूर झाला की समोरची तुळस दिसेना, आणि बंद करून ओट्यावर ठेवला तर खाली तेलाचं थारोळं. आई आतून फडकं घेऊन आली. तिला वाकवत नाही, तरी भिंतीला धरून खाली बसली. "त्यास्ले सांगू नको माय," मला म्हणाली, "मी पुसी टाकस." तुम्ही गेलात हे तिला सकाळी आठवतं, दुपारपर्यंत विसरते. तुमची भीती मात्र विसरत नाही. ती तिच्या मनातून काढायची, एवढ्यासाठीच मी पाना हातात घेतला.

ती दिवाळी आठवते ना? मी माहेरी आले होते, सोबत सासूबाई होत्या. मशीन ओट्यावर होतं आणि तेलाचा ओघळ सासूबाईंच्या चपलांपर्यंत गेला होता. तुम्ही आईला हाक मारलीत. ती फडकं आणायला वळली तर म्हणालात, "पदर शे ना." नव्या लुगड्याच्या पदराने ती फरशी पुसते आहे, आणि तुम्ही सासूबाईंना हसत सांगता आहात, "बरकतच नई शे हिना हातमा. जेले हात लावस ते गळस." सासूबाई हसल्या. आईसुद्धा हसली, कारण सगळेच हसत होते. त्यानंतर त्या ओट्यावरचा प्रत्येक डाग तिचा झाला.

आणि हेच तुम्ही भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये मला भेटायला यायचात ते खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन. सिस्टरांसमोर तो उतरवताना तुमचे कान लाल व्हायचे. सुटीत घरी आले की पाहुण्यांपुढे बिस्किटाच्या पुड्यावरचं इंग्रजी मला मोठ्याने वाचायला लावायचात. पुढे मशीनच्या तेलाच्या बाटलीवरही इंग्रजीच होतं, आबा. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तुम्ही अंदाजाने ओतत राहिलात. शेवभाजीवर तर्री तरंगली नाही तर ती वाढायची कशी, तसाच तुमचा हिशेब. कोणी टोकलं तर म्हणायचात, "गड्याले भाकर मोजीसन देतस का?" धूर त्याचाच होता. काल सगळं जुनं पेट्रोल काढून टाकलं, मापाने नवं मिसळलं, काजळी धरलेला प्लग घासला, आणि धूर गेला.

मग गळती शोधायला साखळीच्या तेलाच्या वेगळ्या टाकीचं झाकण फिरवलं. आत रबरी रिंग नव्हती. तिच्या जागी सुतळी गुंडाळलेली होती, तेल पिऊन काळी पडलेली, शेवटी ती उलटी दुहेरी गाठ, जी घड बांधताना फक्त तुम्ही मारायचात. म्हणजे तेल कुठून गळतं हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही स्वतःच ते बांधलं होतं, आणि तरीही तिला पदराने पुसायला लावलंत.

चोपड्याहून रिंग आणून बसवली. बाभूळ तोडून झाली, ट्रॅक्टर गेला. मशीन वर्तमानपत्रावर ठेवून दिलं आणि संध्याकाळी कोरडा कागद आईला दाखवला. तुमच्यावर रागावून तिचं काही भलं होणार नव्हतं, म्हणून म्हटलं, "आबा म्हणाले, झाकण खराब होतं, चूक माझीच होती." आईने तो कागद चाचपला, माझ्याकडे बघितलं, आणि मी लहान असताना खोटं बोलले की हसायची तशी हसली.

"नई माय," ती म्हणाली, "त्या आसं बोलाव नईत." तुम्ही आणि चूक कबूल करणार, हे तिला पटेना.

आणि फडकं घेऊन कोरडा ओटा पुसायला लागली. या पत्राचे कागद मी उद्या चुलीत घालणार आहे, म्हणून खरं ते लिहिते. ते खोटं मी तिच्यासाठीच बोलले, पण "आबा म्हणाले" हे शब्द तोंडून निघताना तिच्यापेक्षा मलाच बरं वाटलं होतं.