चिलापीची शेपटी आणि दादाचा पाय

सर, आधी बातमी सांगते. माझ्या थोरल्या भावाचा पाय शाबूत आहे. काल बारामतीच्या दवाखान्यात कळलं आणि आज सकाळपासून मला ते कुणाला तरी सांगायचंय. घरातल्या सगळ्यांना सांगून झालं, तुम्हीच राहिला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मध्ये करोना नावाचा रोग येऊन जगाला घरात कोंडून गेला, हेही तुम्हाला माहीत नाही.

पळसदेवची मासेमाराची पोरगी म्हटलं की ओळखाल. उद्या येताना जिवंत मासा आण, असं तुम्ही वर्गात दुसऱ्या कुणाला सांगणार? दादानं जाळ्यातली बोटाएवढी चिलापी तांब्यात घालून दिली आणि तो तांब्या मांडीवर धरून मी एसटीनं इंदापूरला निघाले. कंडक्टर म्हणाला, "काय गं, मासळीचं बी तिकीट फाडू का?" शाळेत तुम्ही ती चिलापी ओल्या कापसात गुंडाळली, शेपटी तेवढी काचेवर पसरली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मी एक डोळा गच्च मिटून वाकले, तशी डोक्यात टपली बसली. "दोन्ही डोळे उघडे ठेव. एक मिटून बघणारा लवकर दमतो, आणि दमलेला माणूस मनातलंच बघतो." मग दिसलं. शेपटीत केसापेक्षा बारीक वाटा, आणि त्यांतून रक्ताच्या पेशी पळतायत, वळणावर चेंगरतायत, पुन्हा सुटतायत. मी ओरडले, "आई गं, पळतंय की!" सगळा वर्ग हसला. तुम्ही मात्र कापसावर पाणी शिंपडत म्हणालात, "पुरे आता, तिला पाण्यात सोड." घरी जाऊन मी दादाला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

त्या टपलीनं माझं वाटोळं केलं म्हणा की भलं, आज मी पुण्यात प्रयोगशाळेत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवते. गंमत म्हणजे या पेशी धडधाकट असल्या, की त्यांच्यावर करोनाचा विषाणू सोडला तरी ढिम्म काही होत नाही. त्याला पकडायला जे प्रथिन लागतं, ते त्या अंगावर जवळजवळ काढतच नाहीत. पण आजारी फुफ्फुसातून रक्तात सुजेचे निरोप सुटतात, तसले निरोप आधी दिले, की त्याच पेशी बिथरतात, ते प्रथिन बाहेर काढतात, आणि मग काहींत तो शिरतो. घरात आग लागल्यावर घाबरून आपणच दाराची कडी काढावी, आणि चोरानं आत यावं, तसं.

दादाला पहिल्या खेपेला करोना झाला तेव्हा त्याच्या पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. पाय गार पडला, बोटं काळवंडली. कापावा लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. कसाबसा वाचला. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चिलापीचा काटा लागला तर रक्त थांबायचं नाही, म्हणून त्यानं होडी सोडली. पुढं गोळ्या बंद झाल्या, भीती राहिली. वहिनी मासळी विकायची आणि हा उंबऱ्यात बसून पाण्याकडं बघायचा. मला ते बघवायचं नाही.

या आठवड्यात त्याला पुन्हा ताप आला, पुन्हा करोना निघाला. ताप साधाच, छाती मोकळी. मी फोनवर वहिनीला समजावू लागले, की सूज भडकली नाही तर आतलं अस्तर सहसा बिथरत नाही. ती कडाडली, "त्ये तुमचं अस्तर ऱ्हाऊ द्या वन्सं. त्याच पायाला मुंग्या येत्यात. पाय ऱ्हाईल का जाईल, त्येवढं सांगा!" मी फोन ठेवला. मी गाडी काढली.

दवाखान्यात त्याच्या पायाला गार मलम लावून डॉक्टरांनी यंत्र फिरवलं. काळ्या पडद्यावर लाल रंग मांडीपासून उतरत गुडघ्याच्या खाली आला, घोट्यापाशी चिंचोळा झाला, तरी चालत राहिला. दादा ओरडला, "आगं, पळतंय की!" डॉक्टर हसले. म्हणाले, "रक्तवाहिनी मोकळी आहे. मला सांगा, मांडी घालून फार वेळ बसता का?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी, पण तोंड सुरू. "बसत्यात की! तापात बी गोधडीखाली लपवून जाळं इनत्यात. मला भायेरनं वाटतंय, माणूस आत निजलाय!" डॉक्टर म्हणाले, "मग आधी ती मांडी मोडा. ताप उतरला की खुशाल जा पाण्यावर. कुणी अडवलंय?" दादा लहान पोरासारखा माझ्याकडं बघून म्हणाला, "जाऊ व्हय गं?" मी तिथंच रडले, सर. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. पडद्यावरचं जे वर लिहिलंय, ते सगळं दादानं परतताना गाडीत सांगितलेलं आहे. मी त्याच्या उशाशीच होते, पण दोन्ही डोळे गच्च मिटून. मारा टपली.