कोपरा फाटलेलं कार्ड

वाडी, ३ एप्रिल १९७४
आज खोली मिळाली! ट्रान्सपोर्टच्या गोदामापासून पाच मिनिटांवर, पुढे नळ, मागे कडुनिंब. नवीन कारकुनाला आणखी काय हवं? प्रेमिला आणि चार महिन्यांची आमची चिमणी पंचवीस तारखेला येणार. आधीचा भाडेकरू चंपतराव गोदामात हमाल आहे. आठ दिवसांत जातो म्हणाला, तोवर दोघं मिळून राहू. पाळणा कुठे टांगायचा तेही मी ठरवून टाकलं.

१२ एप्रिल
चंपतराव हलायचं नाव घेत नाही. शिसारी येते या माणसाची. माझ्या तांब्यात तंबाखू थुंकतो. टाचेची खपली सोलून भिंतीला चिकटवतो आणि त्याच बोटांनी माझ्या ताटातलं लोणचं उचलतो. घरमालक दादाजींना सांगितलं, तर म्हणाले, आपसात पाहून घ्या. अशा उकिरड्यात लेकराला आणू?

१३ एप्रिल
चंपतरावाला गावाहून कार्ड आलं. त्याला अक्षरओळख नाही, मीच वाचून दाखवतो. आईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं : बरी आहे, भेटून जा. मी कार्डाचा कोपरा फाडला. मयतीचं कार्ड कोपऱ्यावरूनच कळतं, त्याला वाचता यावं लागत नाही. दारातच हातात दिलं. तो मटकन खाली बसला. आई गेली, असं मी वाचलं.

दुपारच्या एस.टी.नं गेला. लाज वाटली. पण फिनाइलनं खोली धुतल्यावर बरीच कमी झाली.

१७ एप्रिल
परत आला. सोबत आई.

तो गावी पोचला तेव्हा आई, अंजनाबाई, चुलीपाशी भाकर खात होती म्हणे. त्याच्या हातातल्या कार्डाचा फाटका कोपरा पाहिला आणि हातातला घास खाली ठेवला. तेव्हापासून छाती हलत नाही. चंपतरावाच्या भावांनी घरात ठेवून घेतलं नाही. ती एवढंच बोलते :

“ज्यानं मले मारलं, त्याच्याच हातचं खाईन.”

डोळ्यावर माशी बसते, पापणी लवत नाही. पाळण्याच्या जागी बसली आहे.

१८ एप्रिल
भरवावं लागतं. घास आत जातो, हनुवटीवरून परत येतो. तिची जीभ माझ्या बोटांना — गार, बुळबुळीत. राखेनं घासले हात. वास जात नाही. मी जेवलो नाही.

१९ एप्रिल
डावं मनगट तिनं धरलंय. सुटत नाही. उजव्या हातानं प्रेमिलाला कार्ड लिहिलं — येऊ नको, सध्या येऊच नको. चंपतराव पेटीत टाकून आला.

म्हातारी काहीतरी चघळत होती. भरवायला तोंड उघडलं — जिभेवर कार्डाचा कोपरा. भिजलेला. त्यावर माझी सही —

२१ एप्रिल
आज पोचेल कार्ड. प्रेमिला फाटका कोपरा बघेल —

माशी. माझ्या डोळ्यावर. हाकलतो, पण पापणी —